मुदतबाह्य हरकती

आमच्या उपनगरात रेल्वेच्या पश्चिमेस जो मोकळा भूखंड होता, ज्यावर रविवारी चार-पाच सामने एकमेकांत गुंतून चालत आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला खेटून उभा असे, त्या भूखंडाभोवती गेल्या वर्षी निळे पत्रे उभे राहिले, आत यंत्रे शिरली, आणि या ठिकाणी भव्य प्रेक्षागार होणार असल्याचा फलक दर्शनी बाजूस लागला. तेव्हापासून पत्र्यांलगतच्या पदपथावर सकाळ-संध्याकाळ एक अनधिकृत न्यायासन भरत असते. पत्र्याच्या फटीतून आत डोकवावे, मान हलवावी आणि निकाल द्यावा असा त्याचा रिवाज आहे. ‘पहिल्याच पावसात गळणार’, ‘निवडणूक उरकली की काम बंद’, ‘हा खांब तिरका दिसतोय’, ‘खेळ कसले, शेवटी इथे लग्नेच लागायची’, ‘आधी नळाला पाणी आणा म्हणावं’ ही त्यांतली नेहमीची वचने. फिरायला जाता-येता ती कानांवर पडत राहिल्याने माझ्या मनात त्या मंडळींविषयी एक अढी बसली होती. भाकीत करण्यास काही खर्च येत नाही, ते खोटे ठरल्यास दंड होत नाही, आणि करणाऱ्याला मात्र फुकटात द्रष्टेपण लाभते, असे मी मनाशी म्हणत असे.

असे असता माझे एक स्नेही, जे सार्वजनिक बांधकाम खात्यातून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि ज्यांना सिमेंटच्या कोणत्याही आकृतीविषयी वात्सल्य वाटते, ते त्या न्यायासनासमोरून माझ्याबरोबर जाताना म्हणाले, “अहो, वानखेडेच्या वेळी लोक असेच बरळत होते. आज त्यांचीच नातवंडे वानखेडेचा अभिमान मिरवतात. लोकांच्या बोलण्याला काय किंमत द्यायची?” वास्तविक हे वाक्य माझ्याच मनातले होते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताच मला पटले पाहिजे होते. पण ते मला टोचले, आणि का टोचले याचा शोध घेण्यात पुढचे काही दिवस गेले.

वानखेडे प्रेक्षागाराची जन्मकथा मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबोर्न १९३७ पासून दिमाखात उभे होते. कसोटी सामने तेथे होत. सामन्याच्या जागा किती कोणाला मिळाव्यात यावरून क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात धुसफूस चाले. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर ती विकोपास गेली. आणि असोसिएशनचे धुरीण, तेव्हाचे विधानसभेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र वास्तू उभारण्याचा निर्धार करून शशी प्रभू या वास्तुविशारदाच्या नकाशाबरहुकूम ती जेमतेम तेरा महिन्यांत उभी करून दाखविली. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी सामना तेथे झाला. इतके सर्वांस ठाऊक असते.

जे सहसा कोणी सांगत नाही ते त्या तेरा महिन्यांविषयी. मरीन लाइन्स ओलांडून गाडी चर्चगेटकडे येऊ लागली की उजव्या हाताला ते बांधकाम दिसे, आणि पश्चिम रेल्वेने रोज कचेरीस जाणारे आम्ही कारकून लोक ते चढताना पाहत असू. एका अर्थी मुंबईत एवढे प्रेक्षक कोणत्याच बांधकामाला लाभले नसतील. काळ कसा होता ते आठवावे. १९७२ चा दुष्काळ अजून अंगावरून उतरला नव्हता. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यास फार दिवस लोटले नव्हते. सिमेंट परवान्यावर मिळे आणि घराची गळकी गच्ची दुरुस्त करण्यासाठी माणसाला अर्जावर अर्ज करावे लागत. १९७४ च्या मे महिन्यात तर रेल्वेचाच संप झाला. अशा दिवसांत, एक प्रेक्षागार असताना त्याच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दुसरे प्रेक्षागार, तेही मुदतीवर डोळा ठेवून, घाईघाईने उठत आहे, हे दृश्य गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाने निमूटपणे पाहावे अशी अपेक्षाच चमत्कारिक होती. तो बोलला. ‘एवढ्या घाईत बांधलेलं टिकतंय होय’, ‘सामन्याच्या दिवशी कोसळणार बघा’, ‘यांना सिमेंट मिळतं बरं’ असे तो बोलला.

या तीन वाक्यांपाशी थांबावे असे मला वाटते, कारण माझ्या स्नेह्यांच्या सिद्धांतातली गफलत येथेच आहे. पहिली दोन वाक्ये भाकिते आहेत. तिसरी हरकत आहे. भाकीत भविष्याविषयी असते आणि त्याचा निवाडा काळ करतो: वास्तू कोसळली नाही, टिकली, अर्थात भाकीत खोटे. हरकत मात्र हक्काविषयी असते. माझ्या गच्चीला न मिळणारे सिमेंट त्यांच्या सज्ज्याला कसे मिळते, हा प्रश्न वास्तू शंभर वर्षे टिकली तरी जसाच्या तसा राहतो. किंबहुना ती जितकी भक्कम टिकेल तितके ते सिमेंट चांगले होते एवढेच सिद्ध होईल. लोकांच्या तोंडी ही दोन्ही एकाच दमात, एकाच सुरात येतात, आणि म्हणून ऐकणारा ती एकाच दफ्तरात बांधतो. मग वास्तू उभी राहिली की भाकितांबरोबर हरकतीही खोट्या ठरल्या असे धरून सबंध दफ्तरच निकाली काढतो. यशाचा असा उपयोग राज्यकर्त्यांनी नेहमीच केला आहे. निवृत्त अभियंत्याने केला तर त्यात नवल नाही.

हरकती किती चिवट असतात याचा पुरावा पाहायचा तर वानखेडेपासून उठून ब्रेबोर्नकडेच जावे लागते. क्रिकेट क्लबाची स्थापना १९३३ ची. त्यानंतर चारच वर्षांत बॅकबेच्या भर घातलेल्या जमिनीवर हे प्रेक्षागार उठले आणि ज्या गव्हर्नराने जमीन देण्याची कृपा केली त्याचे नाव त्यास लाभले. (हयात सत्ताधीशाच्या नावाने क्रीडागार बांधण्याचा जो परिपाठ आपल्याकडे पडला आहे त्याबद्दल आपण स्वराज्यालाच दोष देतो, त्याचे पितृत्व तपासून पाहावे.) ब्रेबोर्नच्या उद्घाटनाच्या वर्षीच मुंबईची सुप्रसिद्ध जातवार स्पर्धा, म्हणजे तोपर्यंतची चौरंगी, पंचरंगी झाली, आणि नव्या वास्तूत आपल्या वाट्याला आलेल्या जागा कमी आहेत म्हणून हिंदू जिमखान्याने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. म्हणजे हिंदूंवाचून पंचरंगी सामने झाले. वास्तू नवी कोरी, तिची सर्वत्र वाहवा, आणि तिच्या पहिल्याच हंगामात तंटा कशावरून, तर कोण कोठे बसणार यावरून! छत्तीस वर्षांनी हाच तंटा, याच वास्तूत, निराळ्या पक्षकारांत पुन्हा उपस्थित झाला आणि त्यातून दुसरी वास्तू जन्मास आली. छत्तीस वर्षांत ब्रेबोर्नविषयीची सारी भाकिते विरून गेली असतील. हरकत तेवढी हयात होती.

येथे थोडे आडवाटेस जाण्याची मुभा घेतो, कारण बॅकबेचे नाव निघाले की मला नरिमन आठवतात, आणि नरिमन आठवले की लॉईड. सर जॉर्ज लॉईड हे १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर. समुद्र हटवून शहरास जमीन मिळवून देण्याची बॅकबेची जंगी योजना त्यांच्या कारकिर्दीत निघाली, आणि भर घालावी तितकी समुद्राने गिळावी अशी तिची अवस्था झाल्यावर ‘लॉईडचा खुळेपणा’ या नावाने ती प्रसिद्धीस आली. खुर्शीद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने त्या योजनेचा गैरकारभार चव्हाट्यावर मांडला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बेअब्रूची फिर्याद गुदरली. आणि नरिमन तीतून निर्दोष सुटले. पुढे काय झाले? समुद्र अखेर हटला. जमीन झाली. त्या जमिनीवर ब्रेबोर्न उभे राहिले, राणीच्या रत्नहाराची उपमा मिळालेला रस्ता झाला, आणि कालांतराने भर घालून जे दक्षिणेचे टोक तयार झाले त्यास नाव मिळाले ते लॉईडचे नव्हे, नरिमनांचे. माझ्या स्नेह्यांच्या न्यायाने पाहिले तर नरिमन हे अगदी हास्यास्पद ठरलेले गृहस्थ होत, कारण ज्या योजनेविरुद्ध त्यांनी आकाशपाताळ एक केले तिच्यातूनच शहरातली अतिशय महाग जमीन निर्माण झाली. पण नगराने तसा न्याय केला नाही. पैसा कोणाचा, हिशेब कोठे आणि जबाब कोण देणार, एवढेच ते विचारीत होते, आणि समुद्र हटल्याने त्याचे उत्तर मिळत नव्हते. (त्याच किनाऱ्यालगत पन्नास वर्षांनी दुसरा लॉईड अवतरला. वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा काढल्या आणि सामना व मालिका दोन्ही घेऊन गेला. बॅकबेला लॉईड हे नाव एकंदरीत महागच पडले.)

त्याहून जुना दाखला द्यायचा तर १८८१ सालच्या सुमाराचा देता येईल. एस्प्लनेडच्या मैदानावर एतद्देशीय पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर गोरे साहेब घोड्यांवर बसून पोलो खेळत. टापांनी हिरवळ अशी उखडे की चेंडू कोठे उसळेल याचा नेम उरत नसे. जिमखान्याच्या राखीव हिरवळीवर देशी मुलांना मज्जाव, आणि मोकळ्या मैदानाची ही गत. तेव्हा शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारास अर्ज केला, त्यावर प्रतिअर्ज झाले, निर्णय फिरले, आणि शापुरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध करून ठेवली. आजच्या मरीन ड्राइव्हवर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांची जी रांग दिसते, ती याच काळात वेगवेगळे भूखंड मिळून लागलेली आहे. त्या अर्जातली मागणी मुळात प्रेक्षागाराची नव्हतीच, तर खेळण्यापुरत्या जमिनीची होती. वहिवाट ज्याची होती त्याला ती राहू द्यावी, एवढेच म्हणणे.

हे सारे मी स्नेह्यांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कारण जुन्या हकीकतींनी वर्तमान बांधकामाला ढिम्म धक्का लागत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे, आणि मग ते म्हणाले, “नरिमनांनी कागद जमवले, त्या खेळाडूंनी सह्या करून अर्ज केला. तुमच्या त्या पदपथावरच्या मंडळींनी काय केलं? ती नुसती म्हणतात, गळणार. हरकतीचा एवढा कळवळा असेल तर रीतसर हरकत का नाही घेतली त्यांनी?”

प्रश्न बिनतोड होता. माझे स्वतःचे मत तोवर असे होते की भाकिते टाकून द्यावीत, हरकती तेवढ्या वेचून ठेवाव्यात, म्हणजे लोकमताची पाखडणी पुरी झाली. त्या मताप्रमाणे पाहू जाता आमच्या पदपथावर दाण्यापेक्षा कोंडाच फार होता. पण रीतसर हरकत म्हणजे काय याचा विचार करू लागल्यावर पाखडण्याचे सूप माझ्या हातून हळूहळू सुटत गेले.

रीतसर हरकतीचा मार्ग कायद्याने घालून दिलेला आहे. भूखंडाचे आरक्षण बदलायचे असले की अधिसूचना निघते, राजपत्रात छापली जाते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात तिचा मजकूर येतो. त्यात सर्व्हे नंबर असतात, हिस्सा नंबर असतात, अमुक कलमाच्या तमुक पोटकलमान्वये हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत असे शब्द असतात, आणि एक मुदत असते. त्या मुदतीत भूखंडावर काहीही घडत नाही. पोरे खेळत असतात, म्हातारे चकरा मारीत असतात, आणि ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचा सर्व्हे नंबर काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. मुदत संपते. हरकती आल्या नाहीत, सबब नागरिकांची संमती आहे, अशी नोंद होते. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, कधी वर्षांनीही, पत्रे उभे राहतात. आणि आपल्या मैदानाचे काहीतरी होत आहे हे माणसाला प्रथमच डोळ्यांनी दिसते. म्हणजे हरकत घेण्याचा हक्क असतो तेव्हा हरकत घेण्याजोगे काही दिसत नसते, आणि दिसू लागते तेव्हा हक्क उरलेला नसतो. पदपथावरचे न्यायासन भरते ते या दुसऱ्या काळात. तेथील प्रत्येक हरकत जन्मतःच मुदतबाह्य असते.

मुदतबाह्य हरकत घेऊन माणसाने कोठे जावे? कचेरीत ती दाखल होत नाही. ‘माझे मैदान मला न विचारता घेतले’ हे वाक्य पदपथावर उच्चारले तर ते बापुडवाणे वाटते, आणि ऐकणारा दुसराही तितकाच असहाय असल्याने दोघांनाही अवघडल्यासारखे होते. ‘हे गळणार’ हे वाक्य मात्र ताठ मानेने उच्चारता येते. त्यात याचना नाही. उलट जाणकारी आहे, वचक आहे. ज्याचा हक्क बुडाला आहे तो असा भविष्यवेत्ता होतो, कारण भविष्य ही एकच जागा अशी आहे जिचा सातबारा अद्याप कोणाच्या नावे चढलेला नाही. गाडीच्या दारातला तो कारकून ‘कोसळणार बघा’ म्हणाला, तेव्हा त्याला स्थापत्यशास्त्राविषयी काही सांगायचे नव्हते. ‘यांना सिमेंट मिळतं बरं’ हेच तो दुसऱ्या वेशात म्हणत होता. मी ज्यांस कोंडा समजत होतो त्या वाक्यांतही दाणा होता, आणि ती फेकून देण्यास निघालेला माझा भेद, जो मला अजूनही प्रिय आहे, तो वस्तूंमध्ये भेद दाखविणारा असला तरी माणसांमध्ये दाखविणारा नाही, हे मान्य करणे मला भाग पडले.

स्नेह्यांना हे पटले नाही. उनाड बडबडीला मी तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढवितो, असे ते म्हणाले. त्यात तथ्यांश आहे. शिवाय माझ्या सिद्धांताला एक मोठे भोक आहे, आणि ते त्यांच्या आधी मलाच दिसले: वानखेडेविषयीचे सर्वांत गाजलेले भाकीत गाडीतल्या कारकुनाचे नाहीच. ते ब्रेबोर्नच्या बाजूचे. क्लबाची धुरा तेव्हा विजय मर्चंट यांच्याकडे होती, आणि असोसिएशन स्वतःचे प्रेक्षागार बांधणार हे ऐकून क्लबाच्या गोटात अविश्वासाचे हसू उमटले, अशी कथा क्रिकेटच्या वर्तुळात अजून सांगतात. त्या हसणाऱ्यांचा कोणता हक्क बुडाला होता? वेताच्या खुर्च्या त्यांच्याच होत्या. तेव्हा भाकीत करणारा प्रत्येक जण वंचित असतो असे मला म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की जो आत बसला आहे त्याच्या भाकितामागे ताबा सुटण्याची धास्ती असते, आणि जो बाहेर उभा आहे त्याच्या भाकितामागे ताबा कधी मिळालाच नाही याची चीड. वानखेडे उभे राहिले तेव्हा पहिल्याचा पराभव झाला आणि तो रास्त होता; कसोटी सामने ब्रेबोर्नवरून उठले ते २००९ साली श्रीलंकेविरुद्ध पुन्हा एकदा तेथे खेळले जाईपर्यंत. दुसऱ्याचे काय झाले ते त्या पहिल्याच सामन्यात दिसले. लॉईडची द्विशतकाची मजल पुरी होताच एक पोरगा कुंपण ओलांडून त्याला शाबासकी द्यायला धावला. पोलिसांनी त्याला बडवला. ते पाहून प्रेक्षक खवळले, खेळ थांबवावा लागला, आणि अवघ्या दोन दिवसांच्या वास्तूची मोडतोड झाली. कोसळणार म्हणणाऱ्यांचे भाकीत खरे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु मैदानात पाऊल टाकणे हा गुन्हा असल्याचे मुंबईकर पोराला तेथे ज्या रीतीने कळविण्यात आले, ते पाहता गाडीतल्या माणसाचे शब्द चुकले तरी त्याची शंका चुकली नव्हती.

यावर स्नेह्यांनी आपला शेवटचा हुकमी पत्ता काढला, आणि तो २ एप्रिल २०११ चा असणार हे मला अपेक्षितच होते. पुन्हा बांधून काढलेल्या वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला, शेवटचा षटकार प्रेक्षकांत जाऊन पडला, शहर रात्रभर रस्त्यावर नाचले. आता तरी बोला, असे त्यांचे म्हणणे. मी बोललो. त्या सामन्यासाठी सुमारे तेहतीस हजार जागा होत्या, आणि त्यांपैकी सर्वसामान्य जनतेस विक्रीसाठी सुमारे चार हजार. बाकीच्या संलग्न क्लबांकडे, आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आणि अशाच इतरांकडे गेल्या होत्या. वाटप करणारी संस्था होती तीच, जिने आपल्याला पुरेशा जागा मिळत नाहीत या हरकतीवर एके काळी सबंध प्रेक्षागार उभे केले होते. स्नेही क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पण मग आपल्या इथल्या जागांचं वाटप कोण करणार आहे?” मला ठाऊक नव्हते. त्यांनाही नव्हते, आणि खात्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला ते ठाऊक नसावे याचे त्यांना स्वतःलाच थोडे आश्चर्य वाटले असावे, कारण दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज लिहून ते माझ्याकडे मसुदा तपासून घ्यायला आले. त्यातला सर्व्हे नंबर चुकला होता. तो आम्ही दुरुस्त केला.